कुलूपबंद मुक्त खेळ

आमच्या खात्यात पोषण आहार कधी वेळेवर येत नाही, किस्से मात्र रोज येतात, तेही घरपोच! मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. म्हणजे नेमकं काय, असं नागपूरच्या प्रताप नगरातल्या माझ्या शेजारणी अजून विचारतात. सहा वर्षांखालच्या लेकरांनी खावं, खेळावं, बोलावं, वाढावं म्हणून सरकारने काही बायका नेमल्या आहेत आणि त्या बायकांवर लक्ष ठेवायला मला नेमलंय. माझ्यावर लक्ष ठेवायला वर आणखी कोणी आहे आणि त्यांच्याही वर कोणीतरी असणारच. इतकं सगळं लक्ष एकमेकांवर ठेवून झालं की जे उरतं, ते लेकरांच्या वाट्याला येतं.

मैत्रिणी म्हणतात, रिटायर झालीस की लिही. तोवर मी निम्मं विसरेन आणि उरलेलं सभ्य भाषेत सांगेन. त्यापेक्षा आत्ताच ऐका.

सगळे किस्से बुटीबोरीच्या एकाच अंगणवाडीचे आहेत. कामगारांच्या वस्तीत, विहारामागच्या खोलीत ती भरते. सेविका सुनंदाताई. आवाज असा की कंपनीचा भोंगा बंद पडला तरी शिफ्ट वेळेवर सुटेल. मदतनीस कमलबाई. त्या खिचडी शिजवतात आणि शिजेपर्यंत स्वतःच्या सुनेबद्दल बोलतात. खिचडी झाल्यावरही बोलतात.

* * *

नागपुरात आमचं एक ट्रेनिंग होतं. एसी हॉल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर हसरी गोरी बाळं. बाहेरून आलेले एक सर ‘मेंदूची वाढ आणि पोषक वातावरण’ यावर बोलत होते. सर खरंच चांगलं बोलत होते. बाळ आवाज करतं, म्हणजे ते संवाद सुरू करतं, आपण उत्तर दिलं की मेंदूत तारा जुळतात, वगैरे.

मागच्या रांगेत एका तरुण सेविकेच्या मांडीवर तिचं तान्हं होतं. त्यालाही विषय आवडला असावा. सरांचं एक वाक्य संपलं की ते म्हणायचं, "आऽऽ बू!"

दोन-तीनदा असं झाल्यावर सर थांबले. गोड हसून म्हणाले, "मॅडम, बाळाला जरा बाहेर न्याल का? डिस्टर्ब होतंय."

ती बिचारी उठली. बाहेर गेल्यावर बाळ रडायला लागलं, तेव्हा सरांनी दार लावून घ्यायला सांगितलं. दार लागलं आणि पडद्यावर पुढची ओळ आली, ‘बाळाच्या प्रत्येक हाकेला ओ द्या’.

आम्ही सगळ्यांनी ती मन लावून उतरवून घेतली. सुनंदाताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, दार लावून ओ द्याची, का उघडून?" मी त्यांना गप्प बसवलं. चहानंतर सर्टिफिकेटं होती ना!

* * *

त्या ट्रेनिंगनंतर प्रत्येक अंगणवाडीला खेळण्यांचा संच मिळाला. बाहुली, लाकडी ठोकळे, रंगीत मणी, भातुकली, फळांचं कोडं. संच सुंदर होता. मलाच खेळावंसं वाटलं.

महिन्याभराने मी बुटीबोरीला गेले. खेळणी कुठे दिसेनात. सुनंदाताईंनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं आणि अभिमानाने बाजूला झाल्या. सगळी खेळणी आपापल्या प्लास्टिकमध्ये होती. ओळीने, उंचीनुसार.

"एकबी तुटलं नाही, मॅडम!"

"तुटेल कसं? लेकरांना देता का?"

"देतो ना! शनिवारी कपाट उघडतो, ओळीनं बसवतो अन् दाखवतो. हे पाहा बाहुली, हे पाहा ठोकळे. मंग बंद." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुटलं तं उत्तर कोण देईन? तुमीच विचारान ना मले, काहून तुटलं म्हणून!"

खरं होतं. मीच विचारणार होते. वरच्या साहेबांनी मला विचारलं असतं आणि मी सुनंदाताईंना. आमच्या खात्यात लेकराची वाढ खुंटली तर कारणं बरीच असतात. बाहुलीचा हात मोडला तर कारण एकच, सेविका!

लेकरांचं मात्र काही अडलं नव्हतं. संच ज्या खोक्यातून आला होता ते भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं कोपऱ्यात पडलं होतं. पोट्ट्यांनी त्याची बस केली होती. चौघं आत, एक बाहेर कंडक्टर. "काटोल, काटोल, काटोल! चला, मागं सरका!" मागं सरकायला जागा कुठली! तरी सगळे सरकत होते. कोणी तिकीट मागत होतं, कोणी उलटी झाल्याचं नाटक करत होतं. मी दारात उभी राहून पोटभर हसले. सुनंदाताईंना म्हटलं, "बघा, याला म्हणतात मुक्त खेळ. संचातली सगळ्यात चांगली वस्तू हे खोकंच आहे."

पुढच्या भेटीला खोकंही कपाटात होतं.

* * *

त्याच सुमारास रानू आली.

तिची आई सरिता मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची. एका कंपनीत पॅकिंगला होती. नवरा सूतगिरणीत, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रानू तीन वर्षांची होत आलेली, तब्येतीने ठीक, डोळे सगळीकडे फिरणारे, पण तोंडातून शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, काही नाही. आईबाप कामावर गेले की पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप. आत रानू आणि जुना मोबाईल. मोबाईल दिवसभर बोलायचा, रानू दिवसभर ऐकायची.

सरिताने आल्या आल्या सांगून टाकलं. गावाकडे सासूबाईंच्या कानावर गेलं होतं की नात मुकी आहे. संक्रांतीनंतर त्या येणार होत्या आणि नातीला गावी घेऊन जाणार होत्या. कायमची.

"मॅडमजी, मेरी एक ही बच्ची है," ती म्हणाली. "सास के आने से पहले ये कुछ भी बोल दे। एक शब्द। गाली दे दे, तो भी चलेगा।"

मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कान तपासले. कान शाबूत. घसा, जीभ, सगळं शाबूत. डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. त्यांनी मोबाईल काढून घ्यायला सांगितला आणि म्हणाल्या, "हिच्याशी बोला. खूप बोला. लेकरांत ठेवा. हेच औषध."

सरिताच्या नवऱ्याचा चेहरा पडला. कामावर खाडा करून आला होता बिचारा. त्याने दोनदा टेबलाकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात मला विचारलं, "मॅडम, बोलने का कोई सिरप नहीं आता क्या? ये तो हम घर में भी कर सकते थे।"

आता त्याला काय सांगणार! घरात ते करायला घरात कोणी असावं लागतं.

* * *

आमच्या अंगणवाडीत तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय लेकराला बसवत नाहीत. सुनंदाताईंनी नियम सांगितला. मग रानूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या रंगवलेल्या मोराकडे पाहू लागले. कमलबाईंनी पोरगी कडेवर घेतली आणि प्रवेश झाला.

मी दोघींना बजावलं, हिच्याशी सतत बोलायचं. कमलबाईंना अशी सूचना करणं म्हणजे पाण्याला वाहा म्हणून सांगणं. त्या दिवसापासून रानूला त्यांच्या सुनेची समग्र माहिती मिळायला लागली. सून उशिरा उठते, सून कणीक सैल भिजवते, सून माहेरी फोनवर काय काय सांगते. रानू मांडीवर बसून गंभीरपणे ऐकायची. मध्येच मान हलवायची.

सुनंदाताई कशा बोलतात ते सांगितलंच. मी एकदा म्हटलं, "अहो, तिच्याशी जरा प्रेमाने बोला ना."

"मंग? मी प्रेमानंच बोलून राहिली!" खिडकीवरचं कबूतर उडालं.

दुपारी एकला अंगणवाडी सुटायची आणि सरिता पाचला यायची. मधले तास रानू कमलबाईंच्या घरी. तिथे ती सून तिला जेवू घालायची, केस विंचरून द्यायची, टिकली लावायची. सुनेबद्दल इतकं ऐकूनही रानूचं तिच्याशी उत्तम जमलं!

* * *

आता इकडे प्रताप नगरात या. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण वासंती राहते. तिचा नातू विहान. रानूच्याच वयाचा आणि रानूइतकाच गप्प. त्याला खेळण्यांची वेगळी खोली, घसरगुंडीसकट. आईबाप लॅपटॉपवर, आजी भिशीत, सांभाळणारी बाई फोनवर आणि विहान टॅबवर. जेवणसुद्धा टॅबसमोर, घास कुठून येतो त्याला पत्ता नाही.

फरक एवढाच की प्रताप नगरात त्याला ‘स्पीच डिले’ म्हणतात आणि आठवड्यातून तीनदा थेरपिस्ट घरी येते. बुटीबोरीत त्याच गोष्टीला ‘गूंगी’ म्हणतात आणि आठवड्यातून तीनदा शेजारीण येते, नजर उतरवायला.

मी वासंतीला म्हटलं, "एक दिवस माझ्या अंगणवाडीत आण त्याला. लेकरांत बसू दे."

"एक्स्पोजर म्हणून?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. काही लोकांना खेळायला पाठव म्हटलं तर पटत नाही, एक्स्पोजर म्हटलं की गाडी काढतात.

विहान आला. पांढरे बूट, टोपी, स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःची चटई. चटई पहिल्या पाच मिनिटांत दुसऱ्याच कोणी तरी बळकावली. तासाभराने तो मातीत बसून इतर पोट्ट्यांबरोबर बुटात पाणी भरत होता. जेवणाची वेळ झाली. तो ओळीत बसला, रानूच्या शेजारी, आणि स्वतःच्या हाताने खिचडी खाल्ली. परत मागितली, ताट पुढे करून. दोन गप्प लेकरं एकमेकांच्या ताटातले शेंगदाणे वेचून खात होती.

वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, चला, हिला कळलं.

ती कमलबाईंजवळ गेली, हात धरला आणि विचारलं, "बाई, ही खिचडी कोणत्या ब्रँडची? ऑनलाइन मिळेल का?"

विहान परत आला नाही. त्याच्या खोलीत आता मातीचा हौद आहे. माती धुतलेली, पाकीटबंद येते. त्यात तो एकटाच खेळतो.

* * *

संक्रांत आली. रानूला आता सगळं कळत होतं. पळी आण म्हटलं तर पळी आणायची, दार लाव म्हटलं तर लावायची, कोणी कोणाला ढकललं तर बोट दाखवून चुगली करायची. पण शब्द नाही. सरिता रोज संध्याकाळी कमलबाईंच्या दारात येऊन फक्त भुवया उंचावायची आणि कमलबाई मान हलवायच्या. मला त्या वेळी तिथे थांबायचा धीर होत नसे. मी लवकरच्या बसने निघून यायची.

सासूबाई आल्या. मला वाटलं होतं, खाष्ट म्हातारी असेल, चार शब्द सुनावू. निघाल्या साध्या, काटक, हसऱ्या. येताना सगळ्या लेकरांसाठी मुरमुऱ्याचे लाडू घेऊन आल्या. सगळी सकाळ अंगणवाडीत बसल्या, रानूच्या केसांतून हात फिरवत.

मी माझं भाषण सुरू केलं. बालविकास, लेकरांची संगत, आईची माया. ट्रेनिंगमधलं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मैडम, गाँव में आँगन है, गाय है, चार बच्चे हैं, मैं हूँ, इसके दादा हैं। दिन भर कोई न कोई बोलता है। यहाँ एक बजे के बाद क्या है? कमलबाई की बहू भली है, पर कल उसको काम लग गया तो? फिर ताला?"

अंगणवाडी एकला सुटते, कंपनी पाचला, हे मी पर्यवेक्षिका होण्याआधीपासून चालू आहे आणि माझ्यानंतरही चालू राहील असं दिसतं. सरिता भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला होता.

"मंगलवार को निकलेंगे," सासूबाई म्हणाल्या. "माँ मिलने आती रहेगी।" त्यांना वाईटच वाटत होतं. त्यामुळे तर मला आणखी वाईट वाटलं.

* * *

आणि मंगळवारीच साहेबांची भेट लागली!

आमची अंगणवाडी ‘आदर्श’ ठरणार होती. सुनंदाताईंनी आदल्या आठवड्यापासून कंबर कसली. भिंतीवर मोराच्या वर मोठ्या अक्षरांत ‘मुक्त खेळ कोपरा’ लिहून घेतलं. कपाट उघडलं. बाहुली, ठोकळे, मणी, भातुकली, सगळं प्लास्टिकमधून निघून सतरंजीवर मांडलं गेलं. लेकरांना रोज तालीम. कुठे बसायचं, कसं बसायचं आणि मुख्य म्हणजे मांडणी कशी विस्कटायची नाही. सुनंदाताईंचा आवाज म्हणे हायवेपर्यंत ऐकू जायचा.

मंगळवारी मी लवकर पोचले. लेकरं मांडणीभोवती हाताची घडी घालून बसली होती, तेल लावून, भांग पाडून. रानू पहिल्या रांगेत होती. दारात सरिता उभी होती, रजा टाकून आलेली. शेजारी सासूबाई आणि कपड्यांची पिशवी. दुपारची गाडी होती. जाण्याआधी लेकरांना भेटवून न्यावं, म्हणून आल्या होत्या.

साहेब आले. बरोबर फोटोवाला, हाराची पिशवी, आणखी चार माणसं. माणूस चांगला. भिंतीवरचं वाचलं, खूश झाले. "वा! मुक्त खेळ! हेच तर पाहिजे. चला बाळांनो, खेळा!"

कोणी हललं नाही.

"खेळा ना! घाबरू नका."

पंचवीस-तीस घड्या आणखी घट्ट झाल्या. काटोलच्या बसचा तो कंडक्टरसुद्धा नाकासमोर पाहत होता. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळला. सुनंदाताईंनी "खेळा रे पोट्टेहो!" म्हणून असा काही आवाज लावला की दोघं रडायलाच लागले.

"अहो, लाजतात मुलं," साहेब म्हणाले. "आपणच सुरुवात करू." ते खाली वाकले, बाहुली उचलली आणि कॅमेऱ्याकडे वळून हसले.

पहिल्या रांगेतून रानू उठली. दोन्ही हात कमरेवर. आणि खणखणीत, सुनंदाताईंच्या पट्टीत, एकही अक्षर न चुकता ओरडली,

"ठेव खाली! हात नोको लावू! तुटन ना! साहेब येऊन राहिले!"

साहेबांनी बाहुली होती तिथे ठेवली, तिचा झगा सारखा केला आणि उभं राहून स्वतःच्याही हाताची घडी घातली.

दारातून सरिता धावत आत आली, ओळ मोडून, मणी तुडवून, आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. "और डाँट, बेटा," ती रडत म्हणाली. "साहब को और डाँट!"